काचेआडची बाळंतीण

मी एक जुना दगड आहे, असे मला पाहणारा कोणीही म्हणेल. म्हणू द्या. पण मित्रांनो, जरा वाकून पाहिलेत, तर या करड्या फरशीत तुम्हाला एक लांब जबडा दिसेल, बशीएवढ्या डोळ्याची खोबण दिसेल, वल्ह्यांसारखे चार पाय आणि बरगड्यांची रांग दिसेल. ती मी. विज्ञानाच्या पुस्तकात मला इक्थिओसॉर म्हणतात. फार प्राचीन काळी समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी, असा माझा खुलासा केलेला असतो. औरंगाबादेत मात्र मला सगळे मगर म्हणतात. मला ते मुळीच आवडत नाही. मगर चिखलात लोळते आणि तोंड उघडे टाकून उन्हात पडते. मी जन्मात कधी जमिनीला अंग लावले नाही. पण दगडाचे कोण ऐकून घेतो?

माझे वय सांगू लागले तर तुम्ही हसाल. वेरूळची लेणी पाहायला लोक कुठून कुठून येतात आणि केवढी जुनी म्हणून तोंडात बोटे घालतात. ज्या काळ्या दगडात ती लेणी कोरली, तो दगड तापलेला रस होऊन या मुलखावर वाहायच्या कितीतरी आधी मी मरून गाळात पडले होते. हे मी बढाई मारायला सांगत नाही. खरे म्हणजे थोडीशी मारतेही आहे. इतकी वर्षे एका जागी पडून राहिल्यावर माणसालासुद्धा तेवढी सवलत देतात.

मी समुद्रात जन्मले. आमची जात अंडी घालत नव्हती. अंडी घालायला किनाऱ्यावर जावे लागते आणि किनारा आम्हाला ठाऊकच नव्हता. आमची पिल्ले आईच्या पोटात वाढत आणि तिथून थेट पाण्यात येत. आधी शेपटी, मग अंग आणि शेवटी डोके. माझे ते पहिलेच पिल्लू होते. त्याची शेपटी बाहेर आली आणि डोके आत अडले. मी फार धडपडले. पाण्याच्या वर येऊन श्वास घ्यावा आणि पुन्हा जोर करावा, असे किती वेळा केले ते आठवत नाही. मग वर यायचे बळ राहिले नाही आणि आम्ही दोघे तळाच्या काळ्या गाळात जाऊन पडलो. बायकांच्या भाषेत सांगायचे, तर मी अडले आणि अडूनच गेले.

त्या गाळाने आम्हाला झाकले आणि हळूहळू आमच्या हाडांचा दगड केला. दगड होताना हाडांच्या बारीक भोकांत लोखंड आणि गंधक यांचे पिवळे, चकचकीत कण जाऊन बसले. दिसायला ते सोन्यासारखे दिसतात. माझे सगळे दुखणे त्या कणांत आहे. कोरड्या हवेत ते निमूट बसून राहतात. ओल लागली की ते सडू लागतात, फुगतात, त्यांचे आम्ल होते आणि हाड आतून फुटत जाते. समुद्रातल्या प्राण्याला शेवटी पाण्याचेच भय असावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटले होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एक कडा कोसळला, तेव्हा मी उजेडात आले. दगड फोडणाऱ्या एका म्हाताऱ्याने छिन्नीने माझ्या भोवतीचा भाग तोडला आणि मला फरशीसकट बाहेर काढले. निजामाच्या राज्यातले राहत नावाचे एक गृहस्थ तेव्हा तिकडे शिकायला गेले होते. त्यांना मी फार आवडले. त्यांनी मला पेटीत घालून बोटीने आणि रेल्वेने हैदराबादेला नेले. घरी मोठ्या हौसेने पेटी उघडली, तर त्यांच्या अम्मीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि दुपट्टा नाकाला लावला.

"घर में हड्ड्यां नक्को, बावा," त्या म्हणाल्या.

झाले. राहत साहेबांची धाकटी बहीण जहांआरा औरंगाबादला मुलींच्या शाळेत शिकवत असे. त्यांनी मला तिच्याकडे पाठवून दिले. लहान रुळांच्या गाडीने मी स्टेशनात उतरले आणि बैलगाडीतून जुन्या शहरातल्या त्या शाळेत आले. शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिला अजायबखाना म्हणत. तिथे पेंढा भरलेले एक घुबड होते, बरणीतला साप होता, काही शंखशिंपले आणि रंगीत दगड होते. मला एका बुटक्या लाकडी तख्तपोसावर आडवे ठेवण्यात आले. घुबडाचा तेव्हापासून माझ्यावर राग आहे, कारण त्याच्याकडे पाहायला मग कोणी येईना.

शाळा उर्दू होती आणि जहांआरांना सगळ्या मुली आपा म्हणत. शाळा सुटल्यावर आपा माझ्यापाशी बसत. हातात एक सुई आणि बदकाचे पीस. सुईने त्या माझ्या बरगड्यांमधला सुकलेला गाळ कणाकणाने काढत आणि पिसाने झटकत. असे करता करता एके दिवशी त्यांना माझ्या पोटात लहान हाडे दिसली. आधी त्यांना वाटले, मी गिळलेला हा मासा असेल. मग त्यांनी खालच्या अंगाचा गाळ काढला आणि बाहेर आलेली शेपटी पाहिली. त्यांचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना माझ्याभोवती उभे केले.

"ये इसका खाना नहीं है," आपा म्हणाल्या. "ये इसका बच्चा है."

त्यानंतरचे दिवस माझ्या मानाचे होते. मुली घरी जाऊन सांगत आणि मग त्यांच्या आया, चाच्या, नान्या बुरख्यात येत, वाकून पाहत आणि जाताना काहीतरी पुटपुटत. एकीने तर आपल्या गरोदर सुनेला मला दाखवायला आणले आणि तिला माझ्यापासून चार हात लांब उभे केले. मला मगर म्हणणे तेव्हाही थांबले नव्हते. पण ज्या आवाजात म्हणत, तो बदलला होता.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचे राज्य गेले. त्याच्या आधी आणि नंतर शहरात काय काय चालले होते, ते मला बंद खोलीत नीटसे कळले नाही. गल्लीतून धावणारी पावले ऐकू येत आणि मग बराच काळ काहीच ऐकू येत नसे. शाळा बंद होती. माझ्यावर धुळीचा थर चढला, घुबडाला कसर लागली, बरणीच्या झाकणावर कोळ्याने घर केले. कोणी आमची चौकशी केली नाही. आणि तरी सांगते मित्रांनो, त्या सगळ्या दिवसांत मला एक ओरखडा उमटला नाही. खोली कोरडी होती. धुळीने माझे काही बिघडत नाही.

शाळा पुन्हा उघडली ती मराठी होऊन. विज्ञान शिकवायला वच्छलाबाई आल्या. गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या, तरुण, मोठा आवाज, भरभर चालणे. आपा काही महिने त्यांच्या जोडीला राहिल्या आणि मग त्यांनी हैदराबादेला भावाकडे जायचे ठरवले. जायच्या दिवशी त्या खोलीत आल्या. अजायबखान्याची किल्ली त्यांनी वच्छलाबाईंच्या हातात दिली आणि माझ्या फरशीवर तळवा टेकला.

"बाकी सामान टूट गया तो भी चलता, बाई," आपा म्हणाल्या. "इसकू पानी नक्को लगने देना. सूखा रखना, बस."

"नाही लागू देणार, आपा," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला, हे मी मोकळेपणाने सांगते. त्यांनी स्वतः कधी मला ओले फडके लावले नाही. मोरपिसांच्या कुंच्याने त्या माझी धूळ स्वतःच्या हातांनी झाडत. पावसाळ्यात पत्र्याला भोक पडले, तर हेडबाईंशी भांडून दुरुस्त करून घेत. जे करायचे ते त्यांना ठाऊक होते. ते दुसऱ्या कोणाला सांगायला हवे, हे मात्र त्यांना सुचले नाही.

त्या दुसऱ्या कोणाचे नाव दगडाबाई. शाळेत झाडलोट करायला, पाणी भरायला आणि घंटा द्यायला ती होती. गंगापूरकडच्याच एका खेड्यातून विधवा होऊन आलेली, राहायला शाळेच्या मागे एक खोली मिळालेली. तिच्या आधीची भावंडे जगली नव्हती. ही तरी जगावी, म्हणून आईबापांनी हिचे नाव दगडाबाई ठेवले, म्हणजे दगड समजून हिला कोणी नेणार नाही. नाव असे कसे, म्हणून मुली विचारत आणि ती हे हसत सांगे. मला गंमत वाटली होती. आमच्या खोलीत आता दोन दगड झाले.

एकदा वच्छलाबाई नव्या वर्गाला माझी गोष्ट सांगत होत्या. हे डोके, ही शेपटी, हे बाळ असे अडकले. दगडाबाई केरसुणी हातात धरून दाराशी उभी होती. मुली गेल्यावर ती आत आली.

"बाई, म्हंजी ही अडलेली हाय?"

"हो. तसंच म्हणायचं."

"आन् लेकरू आजून पोटातच?"

"पोटातच. दगड झालं ना दोघांचं. आता ते कधी बाहेर यायचं नाही."

"नाय येना का," दगडाबाई म्हणाली. "जड तर वाटत आसंल की तिला."

वच्छलाबाई हसल्या आणि हजेरी घ्यायला गेल्या. दगडाबाई बराच वेळ तिथेच उभी राहिली. त्या दिवसापासून ती माझ्या तख्तपोसाला बाज म्हणू लागली. बाळंतिणीची असते तशी बाज. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. मला तिने तसे समजून ठेवले. झाडताना माझ्याशी बोलायची. तिकडं लई गार आसंल नव्हं तुमच्या गावाला, असले काहीतरी. मी पुष्कळांची बोलणी ऐकली आहेत, बहुतेक माझ्याविषयीची. माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

शेजारच्या मुलांच्या शाळेत आवडाबाई नावाची दुसरी बाई कामाला होती. ती एके दुपारी पान खायला म्हणून आली आणि मला पाहून दारातच थबकली. माझी हकिगत तिच्या कानावर गेली होती.

"अडून मेल्याली हाय म्हनं," आवडाबाई म्हणाली. "आसली बाई मेल्यावर हडळ व्हतीया. कशापायी ठिवली घरात? दी फेकून खाम नदीत."

दगडाबाईने पानाला चुना लावणे थांबवले.

"माझी भागू बी तशीच गेली," ती म्हणाली. "तिला बी हडळ म्हनती का तू?"

आवडाबाई पान न खाताच निघून गेली आणि पुन्हा त्या खोलीत आली नाही. भागू म्हणजे दगडाबाईची एकुलती एक लेक, हे मला त्या दिवशी कळले.

पुढची गोष्ट कळली ती उन्हाळ्यात. सुट्टी लागली, मुली गेल्या, वच्छलाबाई गंगापूरला गेल्या. किल्ली झाडण्यापुरती दगडाबाईकडे राहिली. तुम्ही आमच्याकडचा वैशाख पाहिला असेल, तर पत्र्याच्या खोलीत काय होते ते सांगायला नको. घुबडाचे डिंकाने चिकटवलेले डोळे सुटून खाली पडले. मी दगड, मला काय त्याचे. पण दगडाबाई दुपारी खोलीत आली, माझ्या फरशीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

ती बाहेर गेली आणि गोणपाट घेऊन आली. आमच्याकडे उन्हाळ्यात रांजणाला भोवती गोणपाट गुंडाळतात आणि ते ओले ठेवतात, मग पाणी गार राहते. तेच गोणपाट तिने रांजणावरून काढून आणले होते. पाण्याने निथळत होते. ते तिने माझ्यावर, नेमके पोटावर, पांघरले आणि खाली फरसबंदीवर बसली.

"भागू दिवसभर पाणी पाणी करीत व्हती," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण मला ऐकू यावे अशी. "बाळातपनाला माझ्याचकडं आली व्हती. सारजाबाई सुईण म्हनली, अडल्यालीला पाणी द्यायचं नसतंय, पोटात गारठा धरतो. समद्या बाया तेच म्हनल्या. म्या बी नाय दिलं. रांजण दाराशीच भरल्याला व्हता. तिला तिथून दिसत व्हता."

मग तिने गोणपाटाची वर आलेली कड खाली सारखी केली.

"तू पी माय," ती म्हणाली. "तुला कोन नाय म्हननार नाय."

खरे सांगू का? त्या क्षणी मला बरे वाटले. किती काळाने मला पाणी लागले होते. बरगड्यांमधून ते खाली उतरले, पिल्लाच्या डोक्यापर्यंत गेले, आणि मला समुद्राची आठवण झाली. आपांचे शब्द मला ठाऊक होते. पण दगडाला ओरडता येत नाही, आणि आले असते तरी त्या दुपारी मी ओरडले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही.

सुट्टीभर ती रोज गोणपाट भिजवत राहिली. शाळा उघडायच्या आधी तिने ते काढून पुन्हा रांजणाला गुंडाळले. वच्छलाबाई आल्या तेव्हा मी कोरडी होते. माझ्या पोटावर पांढरी भुकटी उठली होती. सुट्टीत शाळेच्या भिंतींना चुना दिला होता, वच्छलाबाईंना वाटले तोच उडाला असेल. त्यांनी कुंच्याने झाडून टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या वेळी जूनमध्ये खोलीत आंबूस, तिखट वास येत होता. शेजारीच प्रयोगशाळा होती. वच्छलाबाईंनी तिथल्या बाटल्यांची बुचे तपासली, एक खिडकी उघडी ठेवली आणि त्या विसरून गेल्या. वास माझा होता. माझ्या आत ते सोनेरी कण सडू लागले होते. आधी पिल्लाची बोटभर शेपटी भेगाळली, मग त्याच्या बरगड्या. त्याची हाडे नाजूक होती, माझ्याइतका दम त्यांना कुठून असणार? मी सगळे सोसत होते आणि बाहेरून कोणाला काही दिसत नव्हते. दगडाबाई येता जाता माझ्यावरून मायेने हात फिरवत होती. मला तिचा हात नकोसा होऊ लागला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, भर सुट्टीत, वच्छलाबाई अचानक आल्या. परीक्षेच्या काही कामासाठी त्यांना शहरात बोलावले होते. दुपारच्या एस.टी.ने उतरून त्या तशाच शाळेत आल्या आणि अजायबखान्याचे दार उघडे पाहून आत डोकावल्या. दगडाबाई माझ्यावर तांब्याने पाणी शिंपडत होती. माझ्या अंगावर गोणपाट होतेच.

"या बाई," दगडाबाई म्हणाली. "आज लई ऊन. दोनदा भिजवलं."

वच्छलाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातली पिशवी खाली गळाली. मग त्या पुढे आल्या आणि त्यांनी गोणपाट उचलले.

गोणपाटाबरोबर माझे पिल्लू उचलले गेले. ते हाड राहिलेच नव्हते. करडा-पांढरा लगदा होऊन तो गोणपाटाच्या धाग्यांना चिकटला होता आणि राहिलेला तख्तपोसावरून खाली ओघळला. माझ्या बरगड्यांच्या मधे एक ओला खड्डा उरला. इतका काळ आम्ही दोघे बरोबर होतो. समुद्र आटला, डोंगर झाले, डोंगर झिजले, तरी आमची ताटातूट झाली नव्हती.

"कधीपासून करताय हे?" वच्छलाबाईंनी विचारले.

"दर साली. तुमी गेल्या की. उन्हाळ्यात तिला कोन बघनार, बाई?"

वच्छलाबाईंनी गोणपाट हळूच जमिनीवर ठेवले. त्यांना आपांचे बोलणे आठवले असणार, कारण दगडाबाईने तख्तपोसाच्या कडेला ठेवलेली खोलीची किल्ली उचलून त्यांनी मुठीत घट्ट आवळली. त्यांनी दगडाबाईकडे पाहिले. तोंड उघडले. दगडाबाई मात्र माझ्या पोटाकडे पाहत होती. ती वाकली, खड्ड्याच्या कडेवरून तिने बोट फिरवले आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"बाई," ती म्हणाली, "लेकरू नाय आत."

"नाही."

"मोकळी झाली म्हनायची का?"

तिला दगड म्हणजे दगड हे कळत नव्हते असे नाही. मुलींना ती स्वतः सांगे की ही दगडाची आहे, हात लावा, चावत नाही. पण त्या वेळी ती वच्छलाबाईंकडे ज्या डोळ्यांनी पाहत होती, त्यांना खोटे पाडायला कोणालाही जड गेले असते. 

"हो, दगडाबाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "मोकळी झाली."

दगडाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. भागूचे सांगतानासुद्धा ती रडली नव्हती. आणि मी तिथेच पडले होते, पिल्लू गेलेली, आणि एक बाई माझी सुटका झाली म्हणून आनंदाने रडत होती. मित्रांनो, त्या दिवशी मला दोघींचाही राग आला. एकीने माझे पिल्लू घालवले आणि दुसरीने तिला ते सांगितले नाही.

वच्छलाबाई मग घाईने कामाला लागल्या. मला कोरड्या कापडाने टिपले, वारा घातला. गवंड्याकडून कळीचा चुना आणला, कारण तो हवेतली ओल ओढून घेतो. सुताराला बोलावून माझ्यावर काचेची पेटी बसवून घेतली, तिला कुलूप लावले आणि चुन्याच्या वाट्या आत ठेवल्या. माझा जबडा, डोळा आणि पाय त्यामुळे वाचले. त्या काळजीबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पेटी बसवली जात असताना दगडाबाई कोपऱ्यात उभी होती.

"बाई, काच कशाला?" तिने विचारले.

"धूळ बसू नये म्हणून."

"आन् पाणी?"

"पाणी आता नको तिला."

दगडाबाईने काचेला तळवा लावून पाहिला.

"बाळातीणीला बी देत नाय," ती म्हणाली. "मला ठाव हाय."

वच्छलाबाई सुताराला काहीतरी सांगायला वळल्या. त्यानंतर त्यांनी दोनचारदा सांगायचा प्रयत्न केला, हे मी पाहिले आहे. दगडाबाई, इकडे बसा, मला तुमच्याशी बोलायचं आहे, इथपर्यंत त्या येत. मग दगडाबाई समोर येऊन बसे, भागू असती तर आज तिचे लेकरू याच शाळेत आले असते, असे काहीतरी बोले, आणि वच्छलाबाई दुसराच विषय काढत. खरे सांगायचे, तर पाण्याने पिल्लू गेले हे सांगावे लागते. म्हणजे भागूला दिले नाही म्हणून ती गेली आणि हिला दिले म्हणून हिचे गेले, असे दोन्हीकडून त्या बाईला बांधून टाकावे लागते. कोणत्या तोंडाने सांगणार? मी वच्छलाबाईंना फार दोष देत नाही. पण त्यांच्या चांगुलपणाने दगडाबाईला पुन्हा त्याच जागी नेऊन बसवले आहे, जिथून भरलेला रांजण दिसतो आणि पाणी देता येत नाही.

आता पुन्हा उन्हाळा आहे. शाळेला सुट्टी आहे आणि वच्छलाबाई गंगापूरला गेल्या आहेत. काचेच्या कुलपाची किल्ली त्यांनी बरोबर नेली आहे. खोलीची किल्ली झाडण्यापुरती दगडाबाईकडे आहे. ती दुपारी येते, दार लोटते आणि काचेपाशी जमिनीवर बसते. हातात तांब्या असतो, काठोकाठ भरलेला. ती माझ्याशी बोलत नाही. पूर्वी बोलायची. आता नुसती काचेतून पाहते आणि ऊन उतरले की तांब्या तसाच उचलून निघून जाते.

माझा राग पुरता गेलेला नाही. पिल्लू माझे होते. पण ती अशी बसली की मला माझ्या पिल्लाच्या आधी तिची भागू आठवते, जिला मी पाहिलेलेही नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की तुमच्याकडे काहीतरी मागतात. धूळ पुसा म्हणतात, मोडू नका म्हणतात, अडगळीत टाकू नका म्हणतात. ते सगळे बरोबर आहे. मी एवढीच भर घालते की ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय बाधते ते आधी विचारून घ्या, आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर खोली झाडणाऱ्या बाईलाही सांगा. अजायबखान्यात माझे पिल्लू धुळीने गेले नाही, विसरल्यानेही नाही. मला पाणी लावू नका, हे शहाण्यांनी शहाण्यांना सांगितले होते आणि जिच्या हातात पाणी होते तिला सांगायचे राहिले होते.

पण माझे मागणे ते नाही. काच घट्ट बसली आहे, चुना कोरडा आहे, माझे आता बरे चालले आहे. तुम्ही कधी सुट्टीच्या दिवसांत या बाजूला आलात आणि शाळेच्या मागची खोली उघडी दिसली, तर आत या. माझ्याकडे नाही पाहिलेत तरी चालेल, हवे तर मगर म्हणा. तिथे जमिनीवर बसलेल्या म्हातारीच्या शेजारी बसा. पिल्लाचे तिला काही सांगू नका. ते कधी सांगायचे आणि कसे सांगायचे, ते वच्छलाबाई पाहतील. तुम्ही तिला एवढेच सांगा की काचेतल्या बाईला तहान लागलेली नाही. ती पाण्यातच जन्मली, पाण्यातच गेली, पाण्यावाचून कोणी तिला ठेवले नव्हते. मग तिच्या हातातला तांब्या घ्या आणि तिच्याच ओठांना लावा. एवढ्या उन्हात ती दिवसभर स्वतः घोटभरही पीत नाही.